बॅटरीच्या दुकानामागचा लाल माठ आणि ६०० रुपयांची मिनरल पावडर

पत्र (थोडं कापून घेतलंय):

"ताई, नमस्कार. मी बेस्टमधून रिटायर झालेला कंडक्टर, राहायला कुर्ला पश्चिमेला. आमच्या बिल्डिंगच्या मागे कंपाउंड वॉलला लागून वीस फूट बाय पाच फुटांची पट्टी आहे, तिथे लाल माठ, पालक, मुळा, वांगी, कोथिंबीर लावतो. भिंतीच्या पलीकडे बरीच वर्षं बॅटरी चार्जिंग-रिपेअरिंगचं दुकान होतं, आता बंद आहे. मुलगा म्हणतो मातीत शिसं असणार, भाजी खाऊ नका. ग्रुपवर आलं की सिलिका, झिंक, सेलेनियम असे चांगले मिनरल घातले की झाड विषारी मेटल ओढतच नाही. एका नर्सरीवाल्याने ६०० रुपये किलोची पावडर पण दिली, सत्तर मिनरल आहेत म्हणे. घालू का? दोन वर्षांची नात माझ्याबरोबर मातीत बसते, सूनबाईंना सातवा महिना आहे. आणि घरच्या गणपतीचं विसर्जन आम्ही बादलीत करतो, ते पाणी भाजीला चालतं ना?"

काका, नमस्कार.

तुम्ही पावडरचं विचारलंय, पण मी सुरुवात नातीपासून करणार. टेस्टचा रिपोर्ट येईपर्यंत तिला त्या पट्टीत बसू देऊ नका, आजपासूनच. रडेल, चालेल. बॅटरी म्हणजे शिसं आणि गंधकाचं आम्ल, आणि जुन्या पद्धतीचं रिपेअरिंग म्हणजे बॅटरी फोडायची, प्लेटा काढायच्या, तळाला बसलेला राखाडी गाळ झटकायचा आणि ॲसिडचं पाणी गटारात नाहीतर मागच्या मोकळ्या जागेत ओतायचं. तुमच्या शेजारच्याने असंच केलं असेल असं मी म्हणत नाही, मला काय माहीत, पण तुमची पट्टी त्याच भिंतीला चिकटून आहे म्हटल्यावर माती वाईट धरूनच चालायचं, चांगली निघाली तर आनंदच आहे.

लहान मुलांच्या बाबतीत भाजीपेक्षा बोटं जास्त धोक्याची. मातीत खेळायचं, तोच हात तोंडात, आणि वर त्यांचं शरीर मोठ्यांच्या चार-पाच पट शिसं शोषून घेतं. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं सरळ आहे, शिशाची सुरक्षित म्हणता येईल अशी पातळीच माहीत नाही. तेव्हा नातीच्या डॉक्टरांना विचारून रक्तातल्या शिशाची टेस्ट करून घ्या, सूनबाईंची पण. ५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा वर आलं तर शिसं कुठून येतंय ते शोधायला लागा, असं त्याच संघटनेने २०२१ मध्ये सांगितलंय. सूनबाईंची टेस्ट एवढ्यासाठी की शिसं वर्षानुवर्षं हाडांत साठून राहतं आणि गरोदरपणात हाडातलं कॅल्शियम सुटायला लागलं की त्याच्याबरोबर ते पण बाहेर पडतं आणि बाळापर्यंत पोचतं. डॉक्टरांनी लोह-कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या असतील त्या चुकवायच्या नाहीत, पोटात कॅल्शियम आणि लोह पुरेसं असलं की शिसं कमी शोषलं जातं. (हे पण मिनरलचंच काम झालं बघा, आणि इथे त्याचा भरवसा मातीतल्यापेक्षा जास्त.) तुम्ही स्वतः पट्टीतून आलात की चपला बाहेर, हातपाय धुवायचे, मगच नातीला उचलायचं.

आता पावडरकडे येऊ. ग्रुपवरचा तो मेसेज पूर्ण खोटा नाहीये, आणि म्हणूनच वैताग येतो, कारण अर्धं खरं असलं की लोक उरलेलं अर्धं पण गिळतात. झिंक, कॅल्शियम, सिलिकॉन (सिलिकातलं मूलद्रव्य), फॉस्फेट, लोह ही मंडळी झाडात जाणारं विषारी मेटल कमी करू शकतात, त्यावर जगभर भरपूर काम झालंय. पण मेटल मातीतून नाहीसं कोणीच करत नाही. ते तिथेच राहतं, फक्त असं धरून ठेवलं जातं की मुळांना पटकन घेता येत नाही, किंवा मुळाच्या दारात त्याच्याशी स्पर्धा करणारं कोणीतरी उभं केलं जातं. आणि हे प्रत्येक मेटलला वेगळं असतं. एकाला धरून ठेवणारी वस्तू दुसऱ्याला मोकळं सोडते. त्यामुळे मातीत काय आहे ते न बघता "सत्तर मिनरल" ओतणं हा निव्वळ जुगार, आणि तो पण ६०० रुपये किलोने.

कॅडमियमचं, म्हणजे शिशासारख्याच दुसऱ्या एका विषारी मेटलचं उदाहरण घ्या, तुम्हाला लगेच कळेल. झाडाच्या मुळाला कॅडमियम नकोच असतं, त्याच्यासाठी वेगळा दरवाजा नाहीये. पण ते रसायनाच्या दृष्टीने झिंकसारखं दिसतं, आणि मुळावर झिंक, लोह, मँगनीज आत घेणारी जी दारं असतात तिथून ते झिंकचा पास दाखवून बसमध्ये चढतं, आणि हा कंडक्टर काही तुमच्यासारखा पासवरचा फोटो बघत नाही. मातीत झिंक कमी असेल तर झाड ती दारं अजून उघडतं आणि कॅडमियमची चंगळ होते. झिंक पुरेसं असलं तर दारात गर्दी झिंकचीच असते. म्हणून झिंक सल्फेट घालतात. पण हे चालतं ते मुख्यतः झिंक कमी असलेल्या मातीत, आधीच भरपूर असेल तर वर घालून फारसं काही हाती लागत नाही, उलट जास्त झालेलं झिंक झाडालाच त्रास देतं. डोस शेतात हेक्टरी २५ किलो धरतात, तुमची पट्टी शंभर चौरस फुटांची, म्हणजे तुम्हाला लागणार फक्त २५ ग्रॅमच्या आत. चहाचे चार-पाच चमचे! किलोभर पावडर कुठे घालणार होतात तुम्ही?

आणि झिंक सल्फेट घ्यायचं तर केंद्र सरकारच्या खत नियंत्रण आदेशाचा ग्रेड छापलेली सीलबंद पिशवी घ्या, कारण त्या आदेशात झिंक सल्फेटमधल्या शिशाला आणि कॅडमियमला मर्यादा घातलेली आहे. ती मर्यादा उगाच नाही घातली, झिंक आणि कॅडमियम खनिजात एकत्रच सापडतात, नीट साफ न केलेल्या मालात कॅडमियम राहूनच जातं. सुट्ट्या पावडरीवर ना ग्रेड, ना बॅच नंबर. मेटल कमी करायला म्हणून आणलेल्या वस्तूतूनच मेटल घालून बसाल. बिल असेल तर पावडर परत करा, नसेल तर तशीच बांधून ठेवा, भाजीत नको.

तुमच्या जागेत मला मुख्य संशय शिशाचाच आहे, आणि शिसं कॅडमियमपेक्षा वेगळं वागतं. ते मातीला घट्ट चिकटतं, वरच्या काही इंचांतच राहतं, मुळातून पानात फारसं चढत नाही. मग पानावर सापडतं कसं, तर धूळ आणि पावसाचे शिंतोडे. लाल माठ जमिनीला लागून असतो, जूनचा पहिला सडकून पाऊस पडला की पानांच्या मागच्या बाजूला मातीचे ठिपके येतात ते तुम्ही बघितले असतील, शिसं तिथे असतं. त्यामुळे शिशासाठी पहिला उपाय कुठलंच मिनरल नाही, जमीन झाकणं. सुकलेलं गवत, नारळाच्या काथ्या, वाळलेला पाला, दोन-तीन इंच आच्छादन, आणि भाजी तीन पाण्यांतून धुवायची, पानं सुटी करून, देठ कापून. जुडी तशीच नळाखाली धरली म्हणजे धुतली असं होत नाही. आणि उकळून शिसं जात नाही, हे पण सांगून ठेवते कारण पुढचं पत्र कोणाचं तरी तेच येणार.

मिनरलमध्ये शिशावर सगळ्यात जास्त काम करतं ते फॉस्फेट. शिसं आणि फॉस्फेट मिळून पायरोमॉर्फाइट नावाचं एक खनिज बनतं, ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. हाडांचा चुरा, रॉक फॉस्फेट, सिंगल सुपर फॉस्फेट, यातलं काही वापरता येतं. पण दोन अडचणी आहेत. एक म्हणजे शिसं पक्कं बांधायला लागणारं फॉस्फेट हे भाजीला लागतं त्याच्या कितीतरी पट असतं, आणि आपल्याकडे पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, म्हणजे बरंचसं वाहून गटारात. दुसरी अडचण मोठी. बॅटरीच्या जुन्या प्लेटांत नुसतं शिसं नसायचं, कडक व्हाव्या म्हणून अँटिमनी नावाचा धातू आणि थोडं आर्सेनिक पण मिसळलेलं असायचं. आर्सेनिक आणि फॉस्फेट हे एकमेकांसारखे दिसतात, मातीच्या कणांवर एकाच जागेसाठी भांडतात, तुम्ही फॉस्फेट ओतलं की चिकटून बसलेलं आर्सेनिक सुटं होतं. शिसं बांधायला गेलात आणि आर्सेनिक सोडून बसलात. म्हणून आधी टेस्ट, मग मिनरल, हे मी सारखं सारखं म्हणणार.

असला पेच शेतीत नवीन नाहीये. जपानमध्ये तोयामा भागात जिंझू नदीकाठी खाणीतलं कॅडमियम भातखाचरांत शिरलं, लोकांची हाडं ठिसूळ होऊन मोडायला लागली, इताई-इताई म्हणतात त्या रोगाला, १९६८ मध्ये तिथल्या सरकारने तो प्रदूषणाचा रोग म्हणून मान्य केला. पुढे तिथे असं दिसलं की भात निसवायच्या (लोंब्या बाहेर पडायच्या) सुमारास खाचरात पाणी भरून ठेवलं तर दाण्यात कॅडमियम कमी येतं. छान. पण पाणी भरलेल्या खाचरात आर्सेनिक सुटं होऊन दाण्यात वाढतं. आता करा काय करायचं ते.

चुना हा मला या सगळ्यात सगळ्यात कामाचा वाटतो आणि त्याच्याबद्दल मेसेज कोणी फॉरवर्ड करत नाही, स्वस्त आहे ना! माती आंबट असेल तर शिसं, कॅडमियम दोन्ही सुटे होतात, आणि बॅटरीचं ॲसिड पडलेली माती आंबट असायची शक्यता आहेच. पीएच (आंबटपणाचं माप, सातच्या खाली आंबट) साडेसहा ते सातपर्यंत आणला की कॅडमियम बऱ्यापैकी धरलं जातं. पण मुंबईत एक गंमत आहे. इथल्या बिल्डिंगच्या मागच्या "माती"त अर्धा राडारोडा असतो, प्लास्टरचे तुकडे, सिमेंट, विटांचा चुरा, आणि तो मातीला आधीच अल्कधर्मी, म्हणजे आंबटच्या उलट, करून ठेवतो. अशा मातीत वर अजून चुना घातला तर काही फायदा नाही, उलट झिंक आणि लोह झाडाला मिळेनासं होतं, पानं पिवळी पडतात, आणि मघाशी सांगितलं तसं झिंकची उपासमार झाली की कॅडमियमची दारं उघडतात.

म्हणून पीएच घरीच बघा, सोपं आहे. फिश टँकच्या दुकानात पीएचच्या पट्ट्या मिळतात. दोन चमचे सुकी चाळलेली माती, पाच चमचे बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर (तुमच्या एरियात ते कुठे मिळतं हे मी सांगायला नको), काचेच्या ग्लासात अर्धा तास अधूनमधून ढवळायचं, गाळ बसू द्यायचा आणि वरच्या निवळीत पट्टी बुडवायची. साडेसहाच्या खाली आलं तरच चुना, तो पण शेतीचा चुना किंवा डोलोमाइट, खायच्या पानाला लावतात तो चुना नाही आणि भिंतीला मारतात तो कळीचा पण नाही, ते झाडाची मुळं जाळतात. तुमच्या पट्टीला साधारण एक किलोने सुरुवात करा, माती ओली करून मिसळा, दोन-तीन आठवडे थांबा, परत पट्टी बुडवा. पाऊस कॅल्शियम धुऊन नेतो त्यामुळे दर पावसाळ्यानंतर एकदा तपासायचं. आर्सेनिक निघालं तर मात्र चुना जपून, पीएच वाढला की ते सुटतं. आर्सेनिकला लोह धरून ठेवतं, आपल्या कोकणातल्या तांबड्या मातीत लोहाचे ऑक्साइड भरपूर असतात, म्हणून बाहेरून चांगली तांबडी माती आणून मिसळली तर त्याचा उपयोग होतो.

सिलिकाचं थोडं सविस्तर सांगते कारण आजकाल त्याचंच वेड आहे. सिलिकॉनचं नाव झालं ते भातामुळे. भात हे सिलिकॉन घटाघटा पिणारं पीक, आणि पाणथळ मातीत आर्सेनिकचं जे रूप असतं ते सिलिकॉनच्याच वाटेने मुळात शिरतं, म्हणून सिलिकॉन भरपूर दिलं की आर्सेनिकला वाट मिळत नाही. शिवाय सिलिकॉन मुळाच्या पेशींच्या भिंतींत जमून कॅडमियमला पण अडवतं. हे खरं आहे. पण माठ, पालक म्हणजे भात नव्हे. काकडी-भोपळ्याच्या जातीच्या वेली सिलिकॉन बऱ्यापैकी घेतात, टोमॅटो जवळजवळ घेतच नाही, म्हणून भाताचे आकडे दाखवून टोमॅटोसाठी बाटली विकणाऱ्याकडे जरा तिरकं बघायचं. भाजीत सिलिकॉनचा जो फायदा दिसतो त्यातला बराचसा मातीतच होतो, सिलिकेट मातीचा पीएच वाढवतं आणि मेटल धरतं. घालायचंच असेल तर पालघर-रायगडच्या भातगिरण्यांकडची तुसाची राख चालेल, तिच्यात ८० ते ९० टक्क्यांच्या आसपास सिलिकाच असतं. ती पण अल्कधर्मी, त्यामुळे चुन्याचा नियमच तिला, पीएच साडेसहाच्या खाली असेल तरच. आणि कोरडी उधळायची नाही, पाणी मारून, नाकाला रुमाल बांधून, तुसाची राख फुफ्फुसांना चांगली नाही.

सेलेनियम, नको. विषय संपला. बरं, कारण सांगते. माणसाला दिवसाला ५५ मायक्रोग्रॅम पुरतं आणि ४०० च्या वर ते अपायकारक, म्हणजे फट किती छोटी बघा, चिमूटभर इकडेतिकडे झालं की संपलं. २०२४ च्या डिसेंबरात आणि पुढच्या जानेवारीत बुलढाण्याच्या शेगाव तालुक्यात गावोगावी लोकांना केस गळून टक्कल पडत होतं ते आठवतंय ना, तेव्हा महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियमकडे बोट दाखवलं होतं. प्रयोगशाळेत मोजून मापून दिलेल्या सेलेनियमने झाडातला पारा किंवा कॅडमियम कमी होतं हे खरं, पण आपण कुर्ल्यात बादली आणि चमचा घेऊन ते करायचं नाही.

आता टेस्ट. सरकारच्या मृदा आरोग्य पत्रिकेत १२ गोष्टी तपासतात, नत्र, स्फुरद, पालाश, झिंक, पीएच वगैरे, त्यात शिसं नाही, कॅडमियम नाही. पीएच आणि झिंकसाठी ती चांगली, पण तुमच्या मूळ प्रश्नाला ती पुरत नाही. एनएबीएल (लॅबच्या कामाची पारख करून मान्यता देणारी संस्था) मान्यता असलेल्या खासगी लॅबला फोन करून "मातीत शिसं, कॅडमियम, आर्सेनिक, क्रोमियम करायचंय" असं स्पष्ट सांगायचं. नमुने दोन घ्यायचे, वेगवेगळे. एक भिंतीपासून हातभर अंतरातला, दुसरा बिल्डिंगच्या बाजूचा. प्रत्येक नमुन्यासाठी पट्टीच्या लांबीत आठ-दहा ठिकाणी सहा इंच खोल छोटा खड्डा करायचा, कडेची माती वरपासून खालपर्यंत पातळ कापून घ्यायची, सगळी स्वच्छ प्लास्टिकच्या टबात मिसळायची आणि त्यातली अर्धा किलो पिशवीत. गंजलेली किंवा रंग उडालेली खुरपी नको. एकच नमुना दिलात तर भिंतीकडची वाईट आणि इकडची बरी मिसळून एक बिनकामाचा मधला आकडा येईल. पैसे जातील, दोन्हीचे मिळून काही हजार, मुलाला सांगा त्याच्या म्हणण्यापायी होतंय, तो देईल.

रिपोर्ट आल्यावर शिशाचा आकडा बघायचा. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०२४ मध्ये घराच्या आवारातल्या मातीसाठी शिशाची जी लक्ष द्यायची पातळी होती ती किलोला ४०० वरून २०० मिलिग्रॅमवर आणली. मी पण २०० च धरते. त्याखाली आलं तर पुढे सांगते ती काळजी घेऊन लावा. २०० ते ४०० मध्ये आलं तर त्या मातीत काही खायचं लावू नका, वर नवीन वाफा करा. ४०० च्या वर गेलं तर ती माती खणू पण नका, उकरून कुठे टाकणार, दुसऱ्याच्या दारात? झाकून टाका, पेव्हर ब्लॉक लावा, वर कुंड्या ठेवा. कॅडमियमला युरोपात सांडपाण्याचा गाळ घालतात त्या शेतजमिनीसाठी किलोला १ ते ३ मिलिग्रॅमची मर्यादा आहे, तेवढं आलं की पालेभाजी बंद.

एक गोष्ट इथे लोक फसतात. चुना, खत, सगळं घालून वर्षाने परत माती तपासली तर शिशाचा आकडा तेवढाच येणार, कारण लॅब एकूण शिसं मोजते आणि ते कुठे गेलेलंच नाही. उपाय लागू पडला की नाही हे बघायचं तर भाजी तपासायची. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न-मानकांची मर्यादा पालेभाजीत शिशाला किलोमागे ०.३ मिलिग्रॅम आणि कॅडमियमला ०.२, ती ओल्या भाजीवर आहे. काही लॅब सुकवलेल्या भाजीचा आकडा देतात आणि पालकात नव्वद टक्के पाणी, म्हणजे तो आकडा दहा पट दिसतो आणि माणूस घाबरून झोपत नाही. रिपोर्ट हातात घेताना एवढं विचारा, ओल्या वजनावर की सुक्या?

काय लावायचं ते तर मिनरलपेक्षा महत्त्वाचं आहे खरं म्हणजे. तुमची यादी वाचून मी कपाळाला हात लावला, लाल माठ, पालक, मुळा, कोथिंबीर, नेमकी सगळी पालेभाजी आणि कंद, मेटल सगळ्यात जास्त घेणारी किंवा मातीत लडबडणारी. फळभाजीत मेटल पोचायला वाट लांब पडते. भेंडी, गवार, वाल, दुधी, दोडका, काकडी, टोमॅटो, यातलं लावा, वेली मांडवावर चढवा म्हणजे शिंतोडे पण लागणार नाहीत. वांगं मात्र फळभाजीत असूनही कॅडमियम जरा जास्त घेतं, जपानमध्ये त्यासाठी सोलानम टोर्व्हम नावाच्या रानटी वांग्याच्या खुंटावर कलम करतात, त्याची मुळं कॅडमियम वर कमी पाठवतात. आपल्याला ते करायची गरज नाही, कॅडमियमचा आकडा येईपर्यंत वांगं थांबवा म्हणजे झालं.

पालेभाजीची हौस असेल, आणि असणारच, घरच्या माठाची चव बाजारातल्याला नाही, तर ती कुंडीत किंवा एक फूट उंच वाफ्यात लावा, खाली जिओटेक्स्टाइलचं (पाणी झिरपू देणारं) कापड टाकून, वर बाहेरून आणलेली माती आणि कंपोस्ट. ते कापड नर्सरीत मिळतं. त्याऐवजी कोणा नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स अंथरू नका, पाणी तुंबतं आणि फ्लेक्सच्या पीव्हीसी प्लास्टिकमध्ये शिशाचे स्टॅबिलायझर (प्लास्टिक टिकवणारी रसायनं) वापरायची पद्धत होती. जुने ऑइलपेंटचे डबे पण कुंडी म्हणून नकोत, घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९०) आत ठेवायचा नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला, त्याआधीच्या डब्याचा भरवसा नाही.

कंपोस्टबद्दल एकच, ते मेटल धरतं आणि जमिनीला सगळ्या बाजूंनी चांगलं, पट्टीवर दोन इंच थर म्हणजे चाळीस किलोच्या सात गोण्या लागतील. कचऱ्यापासून केलेलं सिटी कंपोस्ट घेणार असाल तर त्याला पण मर्यादा आहेत, किलोला शिसं १०० मिलिग्रॅम, कॅडमियम ५. माझं मत विचाराल तर भाजीला शेणखत किंवा गांडूळखत घ्या, सिटी कंपोस्ट फुलझाडांना. आणि झिंक सल्फेट, सुपर फॉस्फेट एकत्र मिसळून घालायचं नाही, दोघं एकमेकांना बांधून बसतात, पंधरा दिवसांचं अंतर ठेवा.

गणपतीचं पाणी. मूर्ती शाडूची आणि बिनरंगाची किंवा हळद-गेरूची असेल तर झाडांना घाला, भाजीला पण चालेल. बाजारातली चकचकीत रंगवलेली असेल तर भाजीला नाही, रंगात काय आहे ते डब्यावर पण लिहिलेलं नसतं, ते पाणी एखाद्या मोठ्या झाडाच्या बुंध्याशी ओता जिथे कोणी काही खायचं लावत नाही. पीओपीची मूर्ती अमोनियम बायकार्बोनेटमध्ये विरघळवली असेल तर वर जे पाणी उरतं त्यात अमोनियम सल्फेट असतं, खतच आहे, लोक आनंदाने कुंड्यांत घालतात. पण अमोनियम सल्फेट मातीला आंबट करतं, आणि तुमच्या त्या भिंतीकडच्या मातीला आंबट करणं म्हणजे चुन्याने केलेलं सगळं पुसणं. फुलझाडाच्या कुंडीत घाला, पातळ करून, तिथे सुद्धा मूर्ती रंगीत असेल तर तुळशीला नको, तुळशीची पानं आपण तोंडात टाकतो.

आत्ता उभा असलेला माठ-पालक उपटून टाका, मन घट्ट करा. माती ओली करून उपटायचा, धूळ उडवत नाही. आणि तो कंपोस्टच्या ड्रममध्ये घालू नका, नाहीतर त्यातलं सगळं परत तुमच्याच कुंडीत येईल, पिशवीत बांधून सुक्या कचऱ्याबरोबर द्या. रिपोर्ट आला की दोन्ही नमुन्यांचे आकडे आणि पीएच मला कळवा, तोवर वालाचं बी आणून ठेवायला हरकत नाही, कुंडीत लावता येईल.